हात धुण्याची नोंदवही

“बायाक्का, थांबा. आत्ता हात कशानं धुतलेत?”

“पान्यानं.”

“आणि?”

“आणि साबनानं. तुमी हितंच हुभ्या हुतासा की.”

मी तिथंच उभी होते आणि सगळं पाहिलं होतं, म्हणूनच विचारत होते. पुरुषांच्या वॉर्डच्या कोपऱ्यात एक बेसिन होतं. त्याच्या नळाला बायाक्कांनी कांद्याच्या पिशवीची लाल जाळी बांधली होती आणि तीत अंगाच्या साबणाच्या वडीचा तुकडा टाकला होता. जाळी हवेत लोंबकळायची, त्यामुळं साबण कोरडा राहायचा. कोपरापर्यंत फेस करून, बोटांच्या बेचक्या घासून त्या हात वाहत्या पाण्याखाली धरायच्या आणि कमरेला खोचलेल्या पांढऱ्या फडक्यानं टिपायच्या. बेसिनच्या वर मी लावलेली हँडवॉशची निळी बाटली काठोकाठ भरलेली होती. त्या बाटलीला बायाक्कांनी कधी बोट लावलं नव्हतं.

“ही बाटली कशाला लावलीय?”

“ते तुमाला ठाऊक. तुमीच लावलीया.”

अकरा नंबरच्या खाटेवरून बाबासो चौगुले हसले. बाबासो वीज मंडळात लाइनमन होते. खांबावरून पडून मणक्याला मार बसला होता आणि कमरेखालचं अंग गेलं होतं. फक्त उजव्या मांडीत थोडी हालचाल परत येत होती आणि त्या हालचालीवर त्यांचा आणि आमचा सगळा डोलारा होता.

“बाबासो, हसू नका. हे तुमच्यासाठीच चाललंय.”

“माझ्यासाठी चाललंय तर चालू द्या, सिस्टर,” बाबासो म्हणाले. “या दवाखान्यात कोणीतरी चालतंय म्हणायचं.”

मी नोंदवही उघडली आणि लिहिलं : बायाक्का लोहार, पुरुष वॉर्ड, सकाळी नऊ वीस, हँडवॉश वापरला नाही. त्यांच्या नावावरची ती अकरावी नोंद होती.

“त्या साबनाला वास येतोय,” बायाक्का म्हणाल्या.

“येणारच. गुलाबाचा आहे.”

“गुलाबाचा न्हवं. गुलाबाच्या मागनं दुसरा येतोय. हाताला बुळबुळ ऱ्हाती.”

एवढ्यात एक नवी सिस्टर बाबासोंचं ड्रेसिंग करायला आली. माझ्याकडं चोरून बघत ती बेसिनपाशी गेली आणि तिनंही जाळीतल्या साबणानंच हात धुतले. बायाक्का वॉर्डातल्या मावशी, म्हणजे मदतनीस; नऊ ते बारा या चार खाटा त्यांच्याकडं होत्या. तिथल्या माणसाला हात लावायचा तर आधी त्यांच्या देखत, त्यांच्या साबणानं हात धुवायचे, असा त्यांचा कायदा होता आणि नव्या पोरी तो घाबरून पाळायच्या. मी पाळत नव्हते, म्हणून त्या चार खाटांवरच्या माणसांना त्या मला हात लावू देत नव्हत्या. मी त्या अकराव्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिली : इतर कर्मचाऱ्यांनाही नियम मोडायला लावतात.

याला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. संसर्ग प्रतिबंधाचा सहा महिन्यांचा कोर्स करून नुकतीच आले होते आणि मिरजेबाहेर, म्हैसाळच्या रस्त्याला असलेल्या ‘उभारी पुनर्वसन केंद्रा’त लागले होते. पक्षाघात झालेली, मणक्याला, मेंदूला मार बसलेली माणसं मोठ्या दवाखान्यातून वाचून आमच्याकडं यायची. पुन्हा बसायला, जेवायला, जमलं तर चालायला शिकायची. बत्तीस खाटा होत्या. बहुतेकांना लघवीची नळी लावलेली, निम्म्यांच्या पाठीवर नाहीतर माकडहाडावर पडून पडून झालेले बेडसोर. जंतूंना याहून चांगली जागा मिळणार नाही.

केंद्राचे प्रमुख डॉ. मगदूम. माणूस हुशार आणि पेशंटवर जीव असलेला, फक्त फलकांवरही त्यांचा तेवढाच जीव होता. दारातून आत आलं की समोर एक मोठा फलक दिसायचा : ‘संसर्गमुक्त दिवस’. त्याखाली आकड्यांच्या पाट्या. वॉचमन रोज सकाळी आठ वाजता एक पाटी बदलायचा. मी रुजू झाले त्या दिवशी आकडा होता चारशे बारा.

“हे कसं मोजलं, सर?” मी विचारलं होतं.

“उद्घाटनापासून.”

“आणि लघवीचे, जखमांचे नमुने कुठं तपासतो आपण?”

“गरजच पडली नाही,” ते म्हणाले. “संसर्गच नाही तर तपासायचं काय?”

मी नमुने पाठवायला लागले आणि दोन महिन्यांत पाच जणांच्या लघवीत एकच जंतू सापडला, स्यूडोमोनस नावाचा. सर अस्वस्थ झाले. “तुम्ही येण्याआधी हे नव्हतं,” असं म्हणाले आणि मग मलाच धीर दिला, की हे पेशंट तो जंतू घरूनच घेऊन आले असणार. त्यांतला एक सात महिने आमच्याकडं होता. फलकावरचा आकडा वाढत राहिला.

माझं उत्तर होतं हात धुणं. वडीचे साबण बेसिनवर पाण्यात पडून लिबलिबीत व्हायचे. ते मी सगळीकडून उचलले आणि चौदा ठिकाणी भिंतीला हँडवॉशच्या बाटल्या लावल्या. प्रत्येक बाटलीशेजारी माझ्या हस्ताक्षरातली सूचना : हँडवॉश एकास चार पाण्यात मिसळावा, बाटली दर सोमवारी वरपर्यंत भरावी, कधीही रिकामी होऊ देऊ नये. शिवाय ती नोंदवही. दिवसातून तीनदा मी वॉर्डात फिरायचे आणि कोण हात धुतं, कशानं धुतं, किती वेळ धुतं ते लिहायचे. स्वतः तर दिवसातून चाळीस वेळा धुवायचे. एका खाटेपासून दुसऱ्या खाटेकडं जाताना लोक माझ्याकडं पाहून शिकावेत, अशी माझी इच्छा होती.

पाचाचे सात झाले. वर्षभर वाट पाहिलेली मानांकन समितीची तपासणी तीन आठवड्यांवर आली आणि सरांनी बैठक बोलावली.

“सिस्टर, हात सगळे धुतात ना?”

“एक सोडून सगळे, सर.” मी नोंदवही पुढं केली. पानावर अकरा वेळा एकच नाव होतं.

सरांनी पान उलटलं, परत मागं आणलं. “मग आपल्याला कारण सापडलं,” ते म्हणाले.

त्या वेळी एक गोष्ट मला माहीत होती. सातांपैकी एकही पेशंट बायाक्कांच्या खाटांवरचा नव्हता. ती मी बैठकीत बोललेही. सर म्हणाले, “नशीब त्यांचं.” मला ते पटलं. पटवून घ्यायला फार वेळ लागला नाही.

एक तारखेपासून बायाक्कांची बदली धुलाईखोलीत झाली. चादरी उकळायच्या, वाळत घालायच्या, घड्या करायच्या. पेशंटला हात लावायचा नाही. हुकूम मीच त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही मीच दाखवला.

“चौदा वर्सं मी सिव्हिलला काम केलंय,” त्या म्हणाल्या. “भाजल्याल्या मानसांच्या वॉर्डात.”

“नियम बदललेत, बायाक्का.”

“व्हय. मानसाचं कातडं बदाललं का?”

त्यांनी नळाची जाळी सोडली, पिळून घेतली आणि कमरेच्या फडक्यात गुंडाळून गेल्या. त्यांच्या जागी सविता आली. सविता माझी लाडकी. हात धुण्याच्या सातही पायऱ्या क्रमानं करणारी, मनातल्या मनात वीस आकडे मोजणारी. पहिल्याच दिवशी मी तिच्या नावापुढं तीन बरोबरच्या खुणा केल्या. नऊ ते बारा नंबरच्या खाटांवर आता सगळं नियमानं सुरू झालं.

नवव्या दिवशी सकाळी बाबासोंना थंडी भरली. दात वाजत होते, तीन ब्लँकेटं घालूनही खाट हलत होती. ताप एकशे चार. लघवीच्या पिशवीत गढूळ, हिरवट काहीतरी. त्या दिवशी त्यांना पायांना आधार देणारे कॅलिपर बांधून पहिल्यांदा समांतर दांड्यांमध्ये उभं करायचं ठरलं होतं. कॅलिपर सांगलीहून आदल्या दिवशीच आले होते आणि खाटेखाली प्लॅस्टिकमध्ये तसेच होते.

त्यांची बायको मालन घाबरून पायथ्याशी उभी होती. ती दिवसभर नवऱ्याजवळ असायची. मी तिला बाजूला घेतलं.

“वहिनी, खरं सांगा. लघवीच्या पिशवीला तुम्ही हात लावला होता?”

“परवा… भरली हुती म्हणून जरा वर धरली.”

“वर धरली? अहो, वर धरली की लघवी उलटी आत जाते! आणि हात?”

“धुतलं हुतं ओ सिस्टर. त्या निळ्या बाटलीनं. तुम्ही सांगितलं तसंच.”

“किती वेळ?”

“ते न्हाई मोजलं,” ती म्हणाली. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ तिला बरोबर कळला. रुग्णवाहिका आली, बाबासोंना मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि गाडीत चढताना मालन माझे हात धरून म्हणाली, “सिस्टर, माझ्याकडनं चूक झाली. त्यांना सांगू नगा.”

“नाही सांगत,” मी म्हणाले.

संसर्ग मूत्रपिंडात आणि तिथून रक्तात गेला होता. पाच दिवस ते अतिदक्षता विभागात होते.

बायाक्का तर वॉर्डात नव्हत्या. मग मी असा विचार केला की जंतू त्यांनी आधीच मागं ठेवला असणार, आणि तो त्यांच्या हातावर अजूनही असणार. हे सिद्ध करायचं ठरवून मी मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेतून नमुने घ्यायच्या नळ्या मागवल्या. रॅकमध्ये सहा नळ्या आल्या. पहिली बायाक्कांच्या हातांसाठी. दुसरी, तिसरी, चौथी सविता आणि इतर दोन मावश्यांसाठी. पाचवीत मी माझ्याच हातांचा नमुना घेतला. खरोखर स्वच्छ हात कसे असतात, ते अहवालात शेजारीशेजारी दिसलं पाहिजे, म्हणून. सहावी उरली. रिकामी परत पाठवायची कशाला, म्हणून तीत बेसिनवरच्या बाटलीतला हँडवॉश घातला. त्याहून निर्मळ वस्तू मला आजूबाजूला दिसली नाही.

धुलाईखोलीत बायाक्कांनी दोन्ही हात पुढं केले. मी त्यांच्या बोटांवरून, नखांखालून कापसाची काडी फिरवली.

“काय सापडलं?” त्यांनी विचारलं.

“पाच दिवसांनी कळेल.”

“बाबासो कसा हाय?”

“अजून ताप आहे.”

“त्याच्या पाठीची जखम बगा. डाव्या अंगाला. तिकडं त्यो जास्त कलतोय,” त्या म्हणाल्या आणि चादरीकडं वळल्या.

सतरा तारखेला दुपारी प्रयोगशाळेच्या हर्डीकर मॅडमचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मानांकन समिती येणार होती. भिंती धुणं, पडदे बदलणं, सगळ्या बाटल्या वरपर्यंत भरणं चाललं होतं.

“सिस्टर, सहावी नळी कुठली?” मॅडमनी विचारलं.

“का हो?”

“आधी सांगा.”

“हँडवॉश.”

पलीकडं त्या हसल्या, पण मजा वाटून नाही. “त्यात स्यूडोमोनस इतका वाढलाय, की मोजता येत नाही. तुमच्या पेशंटचाच. बाटल्या धुता का कधी? की नुसत्या वरून भरता?”

“वरून भरतो,” मी म्हणाले. “सोमवारी.”

“पाणी कुठलं?”

“टाकीचं. एकास चार.”

“मग जमलं. बाटलीच्या तळाशी जे बसलंय, त्याला दर सोमवारी तुम्ही खायला-प्यायला घालताय. हा जंतू ओल्यातच वाढतो. कधीच रिकामी न होणारी बाटली मिळाल्यावर तो कशाला जातोय?”

“आणि हात?”

“सविता आणि दोन मावश्या, तिघींच्या हातांवर आहे. एक नंबर, लोहार, त्यांच्या हातावर काही नाही. अगदी स्वच्छ. आणि पाच नंबर सगळ्यांत वाईट. ती बाई कोण आहे? तिला पेशंटपासून आधी लांब ठेवा.”

मी फोन ठेवला. सवयीनं बेसिनपाशी गेले आणि हात बाटलीखाली नेला. तसाच मागं घेतला.

नोंदवही काढली. तीन महिन्यांची पानं होती. कुणी, कुठल्या खाटेपाशी, कशानं हात धुतले. मी ती बायाक्कांविरुद्ध लिहिली होती आणि फार काळजीपूर्वक लिहिली होती. संसर्ग झालेल्या सगळ्या खाटांपाशी बरोबरच्या खुणा होत्या. जिथं फुल्या होत्या, त्या चार खाटांवर एक तारखेपर्यंत काही नव्हतं. आणि आजारी पडलेल्या प्रत्येक खाटेपाशी रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ हजेरी लावणारी एकच व्यक्ती होती.

मी सरांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

“उद्या समिती आहे.”

“हो सर. म्हणून बाटल्या आत्ताच काढायला हव्यात.”

“आपल्या अर्जात लिहिलंय, चौदा ठिकाणी हात धुण्याची सोय. समिती काय भिंतीतली भोकं बघणार? उद्याचा एक दिवस राहू द्या. परवा सगळं काढू. हवं तर त्यात गरम पाणी घाला.”

“उद्या चौदा बाटल्यांपाशी पन्नास माणसं हात धुतील, सर. समिती बघतेय म्हणून नेहमीपेक्षा जास्त धुतील.”

“सिस्टर, तुमच्या फाइलमध्येही ही बाटल्यांची योजना तुमच्याच नावावर आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. ती धमकी नव्हती. त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती.

अर्धा तास मी माझ्या खोलीत बसून राहिले. मग स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि चौदाही बाटल्या काढल्या. त्या खोक्यात भरून माझ्या खोलीत कुलपात ठेवल्या आणि प्रत्येक बेसिनवर कोऱ्या वडीचा एकेक तुकडा जाळीत बांधून टांगला. जाळ्यांसाठी स्वयंपाकघरातून कांद्याच्या पिशव्या मागून आणल्या. सरांनी मला जिन्यात पाहिलं. ते परत वर गेले.

समितीत तिघं होते. प्रमुख पुण्याच्या रेगे मॅडम, साठीच्या, बारीक आवाजाच्या. पुरुषांच्या वॉर्डात त्या भिंतीसमोर थांबल्या.

“इथं स्क्रूची भोकं आहेत. काहीतरी काढलंय का?”

सर माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं. बाटल्या कुणी लावल्या, कुणाच्या सूचनेनं भरल्या, किती माणसं आजारी पडली, माझ्या हातांचा अहवाल काय आला, सगळं. सर छताच्या पंख्याकडं पाहत होते. मॅडम लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“मी अकरा वर्षं हे काम करतेय,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदाच एखाद्या संस्थेनं आपली चूक आपण होऊन सांगितली.”

“ती आमची संस्कृतीच आहे, मॅडम,” डॉ. मगदूम म्हणाले.

मानांकन मिळालं. संसर्ग प्रतिबंधात पैकीच्या पैकी गुण. सरांनी फलकावरचा आकडा सगळ्यांसमक्ष शून्यावर आणला, टाळ्या झाल्या, आणि हैदराबादच्या परिषदेत त्यांनी या प्रकरणावर निबंध वाचायचं ठरवलं. निबंधात बायाक्कांचा उल्लेख ‘एक सहायक कर्मचारी’ असा होता.

त्या ‘एक सहायक कर्मचारी’ अजून चादरीच उकळत होत्या. बदलीचा हुकूम रद्द करायला सरांची सही हवी होती आणि ती मागायची म्हणजे त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायला हवं होतं. मी आज नको, उद्या, असं करत राहिले. त्यातच एकवीस तारीख आली. मीच पूर्वी केलेल्या नियमाप्रमाणं दहाच्या वर नोंदी असलेल्या कर्मचाऱ्याला हात धुण्याचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. पत्र आपोआप गेलं होतं. बायाक्का पहिल्या रांगेत येऊन बसल्या. मागं सर उभे होते. मी सातही पायऱ्या करून दाखवल्या. बायाक्कांनी माझ्याबरोबर हवेत हात फिरवले आणि शेवटी हजेरीपटावर अंगठा दिला. अहवालाबद्दल मी एक शब्दही काढला नाही.

चार तारखेला बाबासो परत आले. चोवीस दिवसांत अर्धे झाले होते. उजवी मांडी काडीसारखी झाली होती. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरांनी ती उचलायला सांगितली, तर चादरीची घडीसुद्धा मोडली नाही. चार महिन्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून.

त्याच दुपारी सरांनी मला समितीचा एक फॉर्म सहीसाठी दिला. प्रकरण बंद करायचं होतं. शेवटचा प्रश्न होता : रुग्णास व नातेवाइकांस माहिती दिली का? त्यापुढं ‘होय’वर सरांची खूण होती.

“कुणी दिली, सर?”

“देऊ की. सध्या त्याला धीराची गरज आहे. हे ऐकलं तर त्याचा आपल्यावरचा विश्वास उडेल, मग तो व्यायाम करेल का?”

“मग ही खूण?”

“कागद आज जायचाय.”

मी फॉर्म घेतला आणि सही न करता वॉर्डात गेले.

मालन संत्रं सोलत होती. मी खाटेजवळ स्टूल ओढलं.

“बाबासो, तुमचा ताप कुठून आला ते कळलंय.”

मालनचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिला काय वाटलं ते मला कळलं. मी घाईनं पुढं बोलले. “हँडवॉशच्या बाटलीतून. जंतू बाटलीतच होते. बाटल्या मी लावल्या होत्या, कशा भरायच्या तेही मीच लिहून दिलं होतं. बायाक्का होत्या तोवर ते तुमच्यापर्यंत आले नाहीत. त्या गेल्यावर आले, माझ्या हातानं नाहीतर सविताच्या. आणि सविता मी शिकवलं तसंच करत होती.”

“म्हंजे हात धुतल्यानं?” मालन म्हणाली.

“हो.”

“मी पिशवी वर धरली म्हणून न्हाई?”

“पिशवी वर धरायची नसते. पण तुमच्यामुळं नाही झालं.”

तिनं संत्रं खाली ठेवलं. “मी रोज देवाफुडं नाक घासत हुते,” ती म्हणाली. “त्या दवाखान्यात, काचेच्या बाहेर बसून. म्हटलं माझ्या हातानं नवरा मारला. पोरींस्नी बी तोंड दाखवत नव्हते. तुम्हाला हे कधी कळलं?”

“सतरा तारखेला.”

“आणि माझा फोन नंबर तुमच्या वहीत न्हवता?”

होता. बाबासो तिच्याकडं बघत होते. पिशवीचं त्यांना आत्ता पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी हात लांब करून मालनचा पदर धरला.

मग त्यांनी मला विचारलं, “बायाक्काला सांगितलं?”

“अजून नाही.”

“मग आधी तिकडं जावा, सिस्टर. मला काय बोलायचंय ते मी नंतर बोलतो. मी कुठं पळून चाललोय?”

कुणी हसलं नाही. तेही नाहीत.

धुलाईखोलीमागच्या पटांगणात बायाक्का ओल्या चादरी दोरीवर टाकत होत्या.

“बायाक्का, तुमचं बरोबर होतं.”

“कशाचं?”

“साबणाचं. त्या बाटलीतच जंतू होते. तुमचे हात स्वच्छ निघाले. माझे सगळ्यांत घाण.”

त्या चादरीची सुरकुती हातानं सरळ करत राहिल्या. “कवा कळलं?”

“सतरा तारखेला.”

“आणि मला हात धुवायला शिकवलंसा ते एकवीसला.”

“हो.”

“सगळ्यांच्या म्होरं.”

“हो.”

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, मला कळलं नाही. चादरीपलीकडून फक्त त्यांचे पाय दिसत होते. थोड्या वेळानं पाय बाजूला सरकले आणि त्या पुढं आल्या.

“बाबासोची मांडी गेली म्हंत्यात?”

“पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.”

“येते मी वॉर्डात. पर त्या चार खाटांस्नी हात लावायचा, तर आधी माज्यासमोर धुवायचं. तुमी बी. सायेब बी.”

“सायेब बी?” माझ्या तोंडून त्यांच्याच बोलीत निघालं.

“त्यांचं हात काय आभाळातनं पडल्यात?”

फॉर्मवरच्या ‘होय’खाली मी त्या दिवशीची तारीख आणि वेळ घालून सही केली. सरांनी तारीख पाहिली आणि बायाक्कांची बदली रद्द करणाऱ्या हुकमावर सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला ते थेट नऊ नंबरच्या खाटेकडं निघाले, तर बायाक्का बेसिनपाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. सरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. धुऊन झाल्यावर शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले. पुढं तीन महिने रोज हेच. माझे हात बायाक्का सगळ्यांत जास्त वेळ बघायच्या.

बाबासोंना माझ्याशी काय बोलायचं होतं, ते त्यांनी कधीच बोलून दाखवलं नाही. मालन माझ्याशी कामापुरतं बोलायची.

मार्चमध्ये एका सकाळी बाबासो उभे राहिले. दोन्ही पायांना कॅलिपर, दोन्ही हात समांतर दांड्यांवर, आणि मागून कमरेला घट्ट धरलेल्या बायाक्का. मी मनात मोजत होते. बाविसाव्या आकड्याला बायाक्कांनी हात सोडले आणि बाबासो तसेच उभे राहिले. मालननं तोंडात पदर धरला. सर तयारीनंच आले होते, त्यांनी फोटोवाला बोलावला होता. सगळे बाबासोंच्या दोन्ही बाजूंना गोळा झालो.

तो फोटो अजून केंद्राच्या दर्शनी भिंतीवर आहे. मधे बाबासो, घामानं निथळलेले, एका बाजूला डॉ. मगदूम आणि मी, दुसऱ्या बाजूला मालन आणि सविता. खाली लिहिलंय : उभारीचा सुरक्षित रुग्णसेवेचा वारसा. बायाक्का त्यात नाहीत. फोटोवाला कॅमेरा लावत होता, तेवढ्यात त्या हात धुवायला गेल्या होत्या.